धुराड्याची बाजू

कार्डावर अडीचच ओळी होत्या. 'फोटो पोचले. काम सुबक आहे, हात चांगला आहे तुमचा. पण धुराडं चुकीच्या बाजूला बसवलंत. ते उजवीकडे असतं.' खाली सही नव्हती, नुसता पत्ता. मी ते लॅबमध्ये उभ्या उभ्याच वाचलं. ही पत्रं मी घरी न मागवता इथे मागवायचो, आईला आधी सुगावा लागू नये म्हणून. माझ्या डाव्या हातात कुणाच्या तरी वरच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा होता आणि त्यावर बसवायचा एक सुळा जरा जास्तच पुढे आला होता. मी कार्ड खिशात ठेवलं आणि सुळा घासायला घेतला. गेली तेहतीस वर्षं मी लोकांचे दात करतो. डॉक्टर माप घेऊन साचा पाठवतात, मी दात करून परत पाठवतो, आणि ज्यांच्या तोंडात ते जातात ती माणसं मला कधी दिसत नाहीत. साच्यावरून एवढंच कळतं, की हा झोपेत दात खातो, किंवा हिला डावीकडूनच चावायची सवय आहे. बाकी चेहरा कसा, रंग कसा, हसली तर गालाला खळी पडते का, कशाचा पत्ता नाही. मला त्याचं कधी काही वाटलंही नाही. सुळा जागेवर आला, मी हात धुतले, कार्ड बाहेर काढून परत वाचलं. तेव्हा मला राग आला असावा. म्हणजे कान गरम झाले एवढं आठवतं.

धुराडं म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर टाकणारी जाड नळी. पंख्याच्या मागून निघते आणि विमानाच्या अंगाला चिकटून पायलटच्या खालून मागे जाते. पुस्तकांत तिला भारदस्त नाव आहे, पण ज्यांनी ती विमानं हाताळली ते तिला धुराडंच म्हणत. वडिलांच्या विमानाचं मॉडेल मी दीड वर्ष करत होतो. दुकानात खोकी मिळतात, त्यात विमानाचे तुकडे असतात, चिकटवले की झालं; तसलं मला नको होतं. मला त्यांचंच विमान हवं होतं, अठ्ठेचाळीस पटींनी लहान, पण त्यांचंच, ज्या ठिगळासकट ते उडायचं त्या ठिगळासकट. युद्धात ते आरमाराच्या एका विमानवाहू जहाजावर होते. दोन माणसांचं विमान. पुढे पायलट, मागे हे, नकाशा आणि बिनतारी यंत्र सांभाळत. एका दुपारी ते जहाजावरून उडालं आणि परत आलं नाही. मी त्यानंतर चार महिन्यांनी जन्मलो. हे मी आयुष्यात इतक्यांदा सांगितलंय की सांगताना आता काहीच होत नाही, लोक आपला घरचा पत्ता सांगतात तसं सांगून मोकळा होतो. समोरच्याचाच चेहरा कसनुसा होतो आणि मग मलाच त्याची समजूत घालावी लागते.

मॉडेलचं खूळ माझं, पण त्याला काडी लावली आईने. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, पट्टी होती, मी तिच्या खोलीत खुर्ची टाकून पेपर वाचून दाखवत होतो. मध्येच म्हणाली, "ह्यांचं विमान कसलं होतं ते मात्र मी कधी बघितलं नाही रे."

"फोटोत आहे की," मी म्हटलं.

"फोटोत नुसती भिंत दिसते. पत्र्याची भिंत."

खरं होतं. फोटो पोस्टकार्डापेक्षा लहान. त्यात दोन तरुण उभे आहेत, अंगात ढगळ कपडे, डोक्यावर कातडी टोप्या, टोप्यांचे कान हनुवटीखाली बांधलेले, कपाळावर मोठे चष्मे चढवलेले. मागे विमानाचं अंग, त्यावरून जाणारं ते जाड धुराडं, आणि दोघांच्या खांद्यांच्या मधून दिसणारा विमानाच्या नंबरातला एकच आकडा, शून्य. डावीकडचा कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. उजवीकडच्याने नेमकी त्याच क्षणी मान फिरवली, त्यामुळे त्याचा चेहरा हललाय आणि टोपीच्या सावलीत गेलाय. फोटोबरोबरचं पत्रही आहे. ते मला पाठ आहे. 'आमच्या जहाजावरच्या फोटोवाल्याने काल आमचा फोटो काढला. अजून धुऊन झालेला नाही, पण टपाल आज निघतंय, म्हणून पत्र उघडंच त्याच्याकडे देतो, तो फोटो आत घालून पाकीट चिकटवील. डावीकडे मी, उजवीकडे आमचा पान्या. विमानाची सगळी काळजी तो घेतो. हवेत जात नाही, पण फोटोसाठी हौसेने उसनी टोपी घातली आहे.' पत्र पोचलं त्याच्या आठच दिवसांनंतर तार आली.

वडिलांचा दुसरा फोटो नाही. लग्न रजेत, घाईघाईत, कचेरीत सह्या करून झालं. फोटो पुढच्या रजेत काढू म्हणाले. पुढची रजा मिळाली ती चार दिवसांची, त्यात पाऊस होता आणि स्टुडिओ बंद. तार आल्यावर आजोबांनी, म्हणजे वडिलांच्या वडिलांनी, ह्या छोट्या फोटोतला डावा माणूस मोठा करून घेतला. स्टुडिओवाल्याने तो रिटच करून चांगला गुळगुळीत केला, हसरे डोळे जरा जास्तच हसरे केले, कमरेपर्यंतचा फोटो, छातीवर हातांची घडी, काळी फ्रेम. ह्या फ्रेमखाली मी वाढलो. परीक्षेला जाताना तिच्याकडे बघून जायचो, मार खाल्ला की तिच्याकडे तक्रार करायचो, अकराव्या वर्षी एकदा तिला शिव्याही दिल्या होत्या, ठेवणीतल्या. घरी आलेलं माणूस आधी फोटोकडे बघायचं, मग माझ्याकडे, आणि म्हणायचं, अगदी वडिलांवर गेलाय, विशेषतः हनुवटी. मग मी आरशात हनुवटी बघायचो आणि ती तशी दिसायची. फोटोतल्या माणसाचं घड्याळ उजव्या मनगटावर आहे. चौदाव्या वर्षी मला पहिलं घड्याळ मिळालं ते मी उजव्या मनगटावर बांधलं, आजतागायत तिथेच बांधतो. बायको लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "हे काय उलटं?" मी म्हटलं, "घराण्याची पद्धत." ती आमच्या घराण्याची एकमेव पद्धत होती, त्यामुळे मला तिचा अभिमान होता.

तर मी शोध सुरू केला. आरमाराच्या कागदपत्रांच्या कचेरीला पत्र लिहिलं. पाच महिन्यांनी तीन पानांच्या प्रती आल्या. विमानाचा नंबर, उड्डाणाची वेळ, हवा स्वच्छ, वारा मध्यम. वडिलांच्या नोंदीत उंची होती, वजन होतं, अंगावरची खूण 'डाव्या गुडघ्यावर व्रण' अशी होती, आणि कोपऱ्यात फोटोसाठी चौकोन होता. चौकोनात डिंकाचे चार डाग. फोटो कधी पडला, कुणी काढून घेतला, कचेरीला ठाऊक नव्हतं. सोबत त्यांनी माजी सैनिकांच्या एका संघटनेचा पत्ता दिला होता. त्यांनी कळवलं, त्या जहाजावरच्या विमानांच्या तुकडीतला एकच माणूस आता हयात आहे, मेकॅनिक होते, वय चौऱ्याऐंशी, दुसऱ्या शहरात राहतात, लिहून बघा. मी लिहिलं. वडिलांचं नाव लिहिलं, विमानाचा नंबर लिहिला. उत्तर आलं ते नुसतं विमानाबद्दल. पंख कसे दुमडायचे, शेपटीखालचा आकडा जहाजावरच्या दोरात कसा अडकवायचा, ठिगळ कुठल्या पंखाला होतं आणि त्याचा रंग मूळ रंगापेक्षा कसा फिका पडला होता. प्रश्न केला की आठवड्यात उत्तर, नेमकं, मापासकट. वडिलांबद्दल अक्षर नाही. मी एकदा विचारलं होतं, आपण त्यांना ओळखत होतात का. त्या पत्राच्या उत्तरात चाकाच्या हवेचा दाब होता.

आता धुराड्याचं. पुस्तकांतल्या आराखड्यांत ते उजवीकडेच आहे, हे मला ठाऊक होतं. पण मॉडेल करणाऱ्यांत एक पक्का नियम आहे: आराखडा आणि फोटो यांत तफावत आली तर फोटो खरा. आराखडा कारखान्यात काढतात. विमान जहाजावर गेलं की लोक आपल्या सोयीने त्यात हजार बदल करतात. फोटो जे होतं ते दाखवतो. आणि माझ्या फोटोत विमानाचं नाक डावीकडे होतं, म्हणजे आपण त्याची डावी बाजू बघतोय, आणि धुराडं समोर ढळढळीत दिसतंय. उलट मी खूश झालो होतो. हे एक विमान बाकीच्यांहून वेगळं आहे, ह्याचं धुराडं डावीकडे आहे, आणि हे जगात फक्त मला ठाऊक आहे. अर्धवट मॉडेलचे फोटो मी मेकॅनिकला त्याच तोऱ्यात पाठवले होते. त्यावर ह्या अडीच ओळी. मी दुपारभर तीन दातांचा ब्रिज करत होतो आणि मनात उत्तर जुळवत होतो, की साहेब, वयोमानाने आपल्या लक्षात राहिलं नसेल, माझ्याकडे फोटो आहे. संध्याकाळी सगळे गेले. फोटोची प्रत माझ्या टेबलाच्या काचेखाली होती, तिच्यावर दातांचा तो चमच्याएवढा आरसा पडला होता. तो उचलायला गेलो आणि त्यात विमान दिसलं. नाक उजवीकडे. धुराडं उजवीकडे. आराखड्यात असतं तसंच, रेघेला रेघ.

निगेटिव्हची काच उलटी घालून फोटो छापला होता, बस. त्या फोटोवाल्याने घाईत, जहाज हलत असताना, टपाल निघत असताना. शून्याला डावं-उजवं नसतं, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. मला आधी बरं वाटलं, कारण विमानाचं कोडं सुटलं. एक धुराडं उखडायचं, दुसऱ्या बाजूला लावायचं, जागा भरून रंग मारायचा, दोन दिवसांचं काम. मी आरसा जरासा सरकवला. त्यात हसणारा माणूस उजवीकडे आला आणि मान फिरवलेला माणूस डावीकडे. डावीकडे मी, उजवीकडे आमचा पान्या. वडिलांनी पत्र लिहिलं तेव्हा फोटो धुतलेला नव्हता; ते कसे उभे होते तेवढंच त्यांना ठाऊक होतं. मी आरसा खाली ठेवला. मला वाटलं आता काहीतरी होईल. काही झालं नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होईपर्यंत मी ऐकत राहिलो. मग दिवे घालवले, कुलूप लावलं, घरी गेलो, जेवलो. बायको म्हणाली, "आज गप्पसे?" मी म्हटलं, "काम होतं." आईच्या खोलीत नेहमीसारखा डोकावलो. ती रेडिओ ऐकत होती आणि तिच्या डोक्यावर पान्या हसत होता. मला त्या माणसाचा राग आला नाही, कीव आली नाही. ओळखीचाच होता. जगात सगळ्यांत ओळखीचा तोच होता.

ज्याने आयुष्यभर न बघितलेल्या तोंडात दात बसवले त्याला एका चेहऱ्याचं एवढं काय, असं मी स्वतःला चार-पाच दिवस सांगितलं. शनिवारी मॉडेल एका खोक्यात कापसात ठेवलं आणि बायकोला दात पोचवायला जातोय सांगून गाडीत बसलो. गाडी तीन तास जाते. मी खिडकीतून गोदामं बघितली, मग शेतं, मग परत गोदामं. मांडीवर खोकं होतं. मी वाक्यं जुळवत होतो: हा फोटो उलटा छापलाय का? ह्यातले आपण कुठले? तो पत्ता एका जुन्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्याचा होता. जिना स्वच्छ होता आणि कठड्याला नुकताच हिरवा रंग दिला होता, तो माझ्या बोटाला लागला. मी ते बोट रुमालाला पुसत असताना दार माझ्या वडिलांनी उघडलं.

म्हणजे मला ते तसंच वाटलं, तेच लिहितोय. केस गेले होते, गाल बसले होते, कवळी होती आणि ती नीट बसत नव्हती, हे मी त्या अवस्थेतही बघितलं. पण ते डोळे, आणि ती हनुवटी. ते माझ्याकडे बघत राहिले. मग खोक्याकडे बघितलं.

"आणलंत का बरोबर?" ते म्हणाले. "या. चपला राहू द्या."

खोली एकट्या माणसाची होती. टेबलावर एक भिंतीवरचं घड्याळ पोट उघडून पडलेलं, शेजारी पाने आणि पेचकस लहानमोठ्या क्रमाने लावलेले. त्यांनी घड्याळ बाजूला केलं, फडक्याने जागा पुसली आणि मॉडेल दोन्ही हातांनी कापसातून उचललं. बराच वेळ फिरवून बघितलं. पंख दुमडून बघितले.

"हे बघा," ते म्हणाले, "माणूस डावीकडून चढतो. पायरी डावीकडे, मुठी डावीकडे. धुराडं इथे असतं तर चढताना पोटरी भाजली असती प्रत्येकाची. एवढं साधं आहे."

"फोटो उलटा छापलाय," मी म्हटलं. "माझ्या लक्षात आलंय."

 त्यांनी विमान खाली ठेवलं, चाकं सरळ केली.

"भिंतीवर आहे अजून तो?"

"तुम्हाला काय माहीत भिंतीवर आहे ते?"

"मी आलो होतो तुमच्याकडे. युद्ध संपल्यावर. तुम्ही असाल चार वर्षांचे, टेबलाखाली बसला होतात, बाहेर येईनात. त्याचं सामान होतं माझ्याकडे, दाढीचा डबा, दोन पुस्तकं, ते द्यायला आलो. तुमच्या आईने दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, मग मागे वळून भिंतीकडे बघितलं. मग म्हणाली, या, चहा टाकते." त्यांनी कवळी जिभेने जागेवर ढकलली. "तुमचे आजोबा आत बसलेले. मोतीबिंदू पिकलेले दोन्ही डोळ्यांत. मला हाताला धरून फ्रेमपाशी नेलं आणि म्हणाले, हा बघा माझा मुलगा. तुम्ही तर बरोबर होतात, सांगा, हुबेहूब आलाय की नाही?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? म्हटलं, हो, असाच होता. काचेवर बोटं फिरवत होते हो ते. तुमची आई दारात कपबशा घेऊन उभी. ती एक शब्द बोलली नाही, मी एक शब्द बोललो नाही. चहा प्यालो आणि निघालो. तिथे, स्वतःच्या फोटोसमोर बसून चहा प्यालो. परत आलो नाही."

मी विचारलं, की मग आता कशाला लिहिलंत. मॉडेल कपाटावर बसलं असतं, आईने बघितलं असतं, कुणाला काय कळणार होतं?

"चार दिवस कार्ड लिहून तसंच ठेवलं होतं," ते म्हणाले. "टाकू नये असंच वाटत होतं. कळत होतं मला, तुम्ही हुशार आहात, एक टोक धरलं की ओढाल. पण ते विमान माझ्याकडे होतं. तो चेहरा काय, फोटोवाल्याची चूक, तुमच्या लोकांची चूक, माझा त्याच्याशी काय संबंध. पण धुराडं डावीकडे लावून ते विमान लोक बघणार आणि म्हणणार हे असं होतं, ते नाही मला बघवलं."

मला हे पटलं. मला हे इतकं पटलं की मी मान डोलावली, एका कारागिराने दुसऱ्याला डोलवावी तशी. मग मी विचारलं, ज्याच्यासाठी आलो होतो ते. "कसे दिसायचे ते?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. मी बघत होतो, कपाळाला आठ्या घालून ते आठवत होते, आणि माझ्या वडिलांचा चेहरा माझ्या वडिलांचा चेहरा आठवत होता. "चारचौघांसारखा," शेवटी म्हणाले. "फार बोलायचा नाही. मी त्याला बघायचो ते पाठमोरा, पंखावर उभा राहून त्याचे पट्टे आवळायचो ना. खांद्याचा पट्टा तिसऱ्या भोकावर. थंडीत आतून जाड स्वेटर असला की दुसऱ्या. त्या दिवशी तिसऱ्यावर होता. नाक वगैरे म्हणाल तर... डोळ्यांवर तो मोठा चष्मा असायचा. नाही येत समोर. खोटं कशाला सांगू."

निघताना त्यांनी माझ्या मनगटाकडे बघितलं. "डावखुरे आहात का?" मी म्हटलं, नाही. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. दारात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली होती, हे मला परतीच्या गाडीत दीड तासाने कळलं. तेव्हा बाहेर नुसती गोदामं होती. घड्याळ मी गाडीतच काढलं. डाव्या मनगटावर बांधून बघितलं, ते टोचायला लागलं, मग खिशात टाकलं.

सोमवारी लॅबमध्ये दात कापायच्या बारीक चकतीने मी डाव्या बाजूचं धुराडं कापून काढलं. जागा भरली, घासली, रंगवली. उजवीकडे नवं लावलं, त्याच्या टोकाला धुराने काळं पडतं तिथे काजळी फिरवली. मागच्या सीटवरचा पट्टा तिसऱ्या भोकावर अडकवला. तो इतका बारीक आहे की सांगितल्याशिवाय कुणाला दिसणार नाही. मागच्या सीटवर माणूस बसवायचं ठरवलं होतं, तो करून तयारही होता, तांदळाच्या दाण्याएवढं डोकं, हसरं. तो मी पेटीत परत ठेवला. आईला सांगायचं की नाही हा प्रश्न मला तितकासा जड जात नव्हता, कारण तिला माहीतच होतं. ती मला सांगत नव्हती, हा प्रश्न होता. पन्नासएक वर्षं मी त्या फ्रेमशी जे काही बोललो ते तिने शेजारच्या खोलीतून ऐकलं होतं. मला तिचा राग यायला हवा, असं मी दोन-तीनदा मनाशी म्हणून बघितलं. राग दूर कुठेतरी होता, पायाला मुंग्या आल्यावर बोट हलवलं तर हललेलं दिसतं पण कळत नाही, तसा. खरं सांगायचं तर मला एकच गोष्ट हवी होती. तो चेहरा बघितलेलं, दोन्ही रजा मिळून एकोणीस दिवस जवळून बघितलेलं, एकच माणूस जगात उरलं होतं आणि ते सत्त्याहत्तर वर्षांचं होतं. तिने मला तो सांगावा. नाक कसं, डोळे कसे, एकेक करून. बाकी मला काही विचारायचं नव्हतं.

रविवारी दुपारी बायको बाहेर गेली होती. मी विमान आईच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलं. ती उठून बसली, चष्मा लावला. बोट पुढे केलं आणि लावायचं धाडस न होऊन मागे घेतलं.

"एवढंसं?" ती म्हणाली.

"खरं मोठं असतं, आई."

"ते कळतं मला." मग बराच वेळ बघत राहिली. "हे कुठे बसायचे?"

मी मागची सीट दाखवली. ती वाकली. रिकामी सीट बघून तिने मान हलवली, तिला ते बरोबर वाटलं असावं. मी म्हटलं, "मी पान्याला भेटून आलो." तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. वर भिंतीकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

"आहेत अजून?"

"आहेत. चौऱ्याऐंशी."

"बरे आहेत ना?"

"कवळी बसत नाही. करून देणार आहे." हे मी तोपर्यंत ठरवलं नव्हतं.

ती थोडी हसली. मग म्हणाली, "मामंजींनी फ्रेम आणली ना, ती दुपारीच आणली. खुर्चीवर ठेवली आणि समोर बसले. हात फिरवत, बोलत. मी म्हटलं आज नको, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी ते पहिल्यांदा पोटभर जेवले, तार आल्यापासून. मग म्हटलं, ऑपरेशन झालं की त्यांचं त्यांनाच दिसेल. ऑपरेशनाआधीच गेले. तोवर तू 'बाबा, बाबा' करून फ्रेमकडे बोट दाखवायला लागलास. तुला काय सांगू? की हे नाहीत? मग कोण, म्हणालास तर कुणाकडे बोट दाखवू?"

"मोठा झाल्यावर सांगायचंस."

"हो," ती म्हणाली. "चुकलंच ते."

एवढं सरळ उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं.  बाहेर शेजारणीने दोरीवरचे कपडे काढायला घेतले होते, तिची सावली आमच्या खिडकीवरून जात-येत होती. मी खिशातून तो मूळ छोटा फोटो काढला आणि लॅबमधलं भिंग काढलं. तिच्या मांडीवर उशी ठेवली, उशीवर फोटो ठेवला, भिंग तिच्या हातात दिलं. "तू सांग मला," मी म्हटलं. "सगळं सांग. मी ऐकतो."

तिने भिंग उजवीकडच्या माणसावर धरलं. भिंग स्थिर राहावं म्हणून मी तिचं मनगट धरलं. मान फिरवलेला, टोपीच्या सावलीतला, हललेला तो चेहरा भिंगाखाली मोठा झाला, आणि मोठा झाल्यावर अजूनच पुसट झाला. ती बघत राहिली. डोळे बारीक केले, भिंग वर घेतलं, खाली घेतलं. तिचे ओठ हलले. मी वाट बघत होतो. मला वाटलं ती नाकापासून सुरुवात करील. मग मला दिसलं, की ती शोधतेय. फोटोवरून नजर काढून तिने वर फ्रेमकडे बघितलं, परत खाली बघितलं, परत वर, एखादा हरवलेला शब्द आठवताना माणूस छताकडे बघतो तसं. आणि प्रत्येक वेळी तिच्या चेहऱ्यावर तोच, भिंतीवरचा माणूस येत होता, हे मला तिच्या शेजारी बसून स्पष्ट कळत होतं. तिने भिंग खाली ठेवलं. फोटोवरच्या त्या डागावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं, अगदी लहान मुलीसारखं, घाबरून.

"हेच ना रे?" तिने मला विचारलं.

"हो, आई," मी म्हटलं. "हेच."